घोट्याची दुखापत आणि पुनर्जनन चिकित्सा

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव हळद आणि ऊस यांच्या पट्ट्यात वसलेले आहे. टोकाई सहकारी साखर कारखाना याच गावी उभा राहिला. येथील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात तिचे बांध निसरडे होतात. हळदीच्या रानात सऱ्या-वरंबे ओलांडावे लागतात, तर तोडलेल्या उसाच्या फडात बुडखे पायात येतात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनावर चढणाऱ्या मजुराचा सारा भार काही क्षण एकाच पावलावर असतो. अशा भूमीत आणि अशा कामांत पाय मुरगळणे ही नित्याची घटना आहे. नित्याची म्हणूनच ती कोणी फारशी गंभीरपणे घेत नाही.

वस्तुतः या दुखापतीची किंमत मोठी असते. ऊसतोडणीत पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल या जोडीने श्रमाने फेडावयाची असते. जोडीतील एकाचा घोटा सुजला की अर्धा कोयता बसतो, खाडे पडतात आणि उचल मात्र तशीच राहते. म्हणून असा मजूर तिसऱ्या दिवशी लंगडत फडात उतरतो. पुढे तोच घोटा वारंवार मुरगळू लागतो. पहिल्यांदा पाय मुरगळलेल्या दर दहा जणांपैकी दोन ते चार जणांना घोट्याचा अस्थिरपणा दीर्घकाळ जाचतो, असे वैद्यकीय अभ्यासांवरून दिसते.

अलीकडे या दुखापतीवर एक नवा पर्याय सुचविला जाऊ लागला आहे. शहरातील काही दवाखाने रक्तातील घटकांची किंवा मूलपेशींची इंजेक्शने देतात व त्यांना ‘रिजनरेटिव्ह मेडिसिन’ म्हणजे पुनर्जनन चिकित्सा असे म्हणतात. फाटलेली ऊती शरीराकडूनच पुन्हा निर्माण करवून घेणे, ही या चिकित्सेमागील कल्पना आहे. कल्पना आकर्षक आहे, आणि शास्त्राच्या दृष्टीने निराधारही नाही. परंतु घोट्याच्या बाबतीत तिचा उपयोग कोठे सिद्ध झाला आहे आणि कोठे नाही, हे ठाऊक नसेल तर गरजू माणूस कर्ज काढून असे उपचार घेतो आणि ज्याने तो खरोखर बरा झाला असता ते राहूनच जाते.

घोटा का मुरगळतो?

नडगीचे हाड आणि तिच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड यांची खालची टोके मिळून एक खोबण तयार होते. तीत पावलाचे ‘टालस’ नावाचे हाड बसते. हे हाड पुढील बाजूस रुंद व मागील बाजूस निमुळते असते. पाऊल सपाट टेकलेले असताना रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. उलट, बांधावरून उतरताना पंजा खाली झुकला की निमुळता भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. त्याच क्षणी पावलाखाली ढेकूळ आले तर पाऊल आत वळते व शरीराचा भार बाहेरच्या बाजूवर पडतो. तेथे तीन अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, असतात. त्यांतील पुढचा सर्वांत दुबळा असल्याने प्रथम तोच ताणला जातो किंवा फाटतो. धक्का जबर असल्यास त्यामागचाही फाटतो. काही तंतू ताणले गेले तर दुखापत सौम्य, अर्धवट फाटले तर मध्यम आणि संपूर्ण तुटले तर तीव्र, अशा तीन पायऱ्या मानतात.

आता निसर्गाच्या कामाकडे वळू. अस्थिबंध फाटल्यावर पहिले काही दिवस तेथे रक्त साकळते, सूज येते आणि शरीरातील सफाई करणाऱ्या पेशी गोळा होतात. त्यानंतरचे काही आठवडे नवे तंतू विणले जातात, परंतु ते कच्चे व अस्ताव्यस्त असतात. मग अनेक महिने, कधी वर्षभर, त्या तंतूंची पुनर्रचना चालते. जो ताण सांध्यावर येतो त्याच दिशेने तंतू सरळ होतात व बळकट बनतात. या अखेरच्या टप्प्याचे महत्त्व अनेकांच्या लक्षात येत नाही. हालचालच झाली नाही तर नव्या तंतूंना दिशा मिळत नाही. हालचाल फार लवकर व फार जोराने झाली तर कच्चे तंतू पुन्हा तुटतात. सारांश, पुनर्जननाची शक्ती अस्थिबंधात मुळातच आहे. उपचारांचे काम तिला योग्य वेळी योग्य ताण पुरविण्याचे आहे.

घरगुती उपाय आणि हळदीचा लेप

मराठवाड्यात पाय मुरगळला की आंबेहळद व रक्तबोळ उगाळून कोमट लेप लावतात. कुरुंद्यासारख्या हळदीच्या गावात या उपायावर श्रद्धा असावी हे स्वाभाविकच आहे. शिवाय हळदीच्या गुणांचा प्रश्न जागतिक पातळीवरही गाजलेला आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. जुने संस्कृत उल्लेख आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आलेला लेख असे पुरावे सादर झाले, आणि १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. मात्र त्या वादाचा विषय ‘हे ज्ञान प्रथम कोणाचे’ हा होता. लेपाने आतील तुटलेला अस्थिबंध सांधतो, असा निर्णय त्यातून कोणी दिलेला नाही. अखंड त्वचेवर लेप लावण्यास हरकत नाही, उबेने बरेही वाटते. पण तो लावला म्हणून तपासणी टाळू नये.

खरा धोका निराळाच आहे. ताज्या दुखापतीवर जोराने मालीश करणे, ‘शीर बसविण्यासाठी’ पाऊल हिसकणे, आणि बांबूच्या पट्ट्या लावून घोटा करकचून बांधणे या तिन्ही गोष्टी घातक आहेत. आवळून बांधल्यामुळे रक्तपुरवठा बंद पडून बोटे, प्रसंगी पाऊलच, काढावे लागल्याची उदाहरणे भारतीय अस्थिरोगतज्ज्ञांनी वेळोवेळी नोंदविलेली आहेत. पट्टी बांधल्यावर बोटे गार, निळसर किंवा बधिर झाली तर ती क्षणाचाही विलंब न लावता सोडावी.

क्ष-किरण तपासणी कोणास हवी?

गावपातळीवर सर्वांत मोलाचा प्रश्न हा की, हाड मोडले आहे की नाही. कॅनडातील ओटावा येथे डॉ. इयान स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये यासाठी काही साधे नियम प्रसिद्ध केले. दुखापत होताच आणि नंतर तपासणीच्या वेळीही रुग्णाला चार पावले टाकता आली नाहीत, तर क्ष-किरण चित्र काढावे. घोट्याच्या आतील किंवा बाहेरील हाडाच्या मागच्या कडेवर वा टोकावर, खालच्या सहा सेंटीमीटरच्या भागात, बोटाने दाबल्यावर हाडच दुखले तरीही ते काढावे. पावलाच्या मध्यभागी दुखत असेल तर आणखी दोन जागा दाबून पाहाव्यात : बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेत मध्यावर असलेला हाडाचा उंचवटा, आणि आतल्या बाजूस घोट्याच्या थोडे पुढे असलेले हाड. यांपैकी काहीच नसेल तर अस्थिभंगाची शक्यता अत्यल्प असते. २००३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यात हे नियम जवळजवळ कोणताही अस्थिभंग निसटू देत नाहीत असे आढळले. अनावश्यक क्ष-किरण चित्रांची संख्या त्यांमुळे तीस ते चाळीस टक्क्यांनी कमी होऊ शकते.

या नियमांना मर्यादा आहेत. मद्यप्राशन केलेल्या, डोक्याला मार लागलेल्या किंवा पायाची संवेदना कमी झालेल्या रुग्णास ते लागू करू नयेत. मधुमेही व्यक्तीचे पाऊल फारशा वेदनेवाचून सुजलेले व गरम असेल तर ती साधी लचक समजू नये. आतील हाडे खचत असण्याचा संभव असतो. वाढत्या वयातील मुलांत हाडाच्या टोकाजवळचा वाढीचा भाग कोवळा असतो, म्हणून शाळेच्या मैदानावर खो-खो किंवा कबड्डी खेळताना पाय मुरगळलेल्या विद्यार्थ्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल तर शिक्षकांनी त्याला डॉक्टरांकडेच न्यावे. आणखी एक गोष्ट सहज निसटते. टाचेच्या मागे कोणी काठी मारल्यासारखे वाटले आणि त्यानंतर चवड्यावर उभे राहता येईना, तर ती लचक नसून टाचेची कंडरा तुटलेली असू शकते.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासण्या व उपचार राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले आहेत. तेव्हा खर्चाच्या भीतीने क्ष-किरण तपासणी टाळण्याचे कारण उरलेले नाही. गाडीभाड्याचा आणि बुडणाऱ्या रोजाचा प्रश्न उरतो, आणि तो लहान नाही. ज्याला नियमांनुसार चित्राची गरजच नाही त्याची फेरी वाचविणे हेही त्या दृष्टीने उपकारकच आहे.

सिद्ध झालेले उपचार

विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकेतील डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केली. पुढे त्यांनी स्वतःच तीत दुरुस्ती केली. बर्फाने वेदना कमी होते, परंतु अस्थिबंध लवकर भरून येतो असे दिसून आलेले नाही. दीर्घ विश्रांतीही आता सांगितली जात नाही. पहिले दोन-तीन दिवस पाय जपावा, उंच ठेवावा, माफक दाबाची पट्टी बांधावी. त्यानंतर वेदना सोसेल इतपत भार टाकत चालणे सुरू करावे. तीव्र दुखापतीत मात्र थोडे दिवस पक्का आधार उपयोगी पडतो. इंग्लंडमध्ये ५८४ रुग्णांवर केलेल्या आणि २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गुडघ्याखाली दहा दिवस प्लास्टर घातलेले रुग्ण केवळ नळीसारखी पट्टी वापरणाऱ्यांपेक्षा लवकर सावरले.

यापुढचा भाग रुग्ण बहुधा सोडून देतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. अस्थिबंधात केवळ दोर नसतो. पाऊल कोणत्या कोनात आहे याची वर्दी मेंदूला देणारे मज्जातंतूही त्यात असतात. दुखापतीने ही वर्दी मंदावते. सूज उतरली तरी पाऊल ‘आंधळे’ राहते, आणि पुढच्या ढेकळावर पुन्हा मुरगळते. यावर उपाय तोल सांभाळण्याच्या व्यायामाचा. नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांखेरीज निम्म्यांना आठ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, घरच्या घरी तोलाचे व्यायाम करण्यास सांगितले होते. वर्षभरात व्यायाम करणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांचा, तर न करणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांचा घोटा पुन्हा मुरगळला. या लाभासाठी ना औषध लागले, ना रुग्णालय.

हे व्यायाम कोणत्याही अंगणात करता येतात. प्रारंभी बसून, पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवावी. त्याने घोटा सर्व दिशांना फिरतो. वेदना ओसरल्यावर भिंतीजवळ त्या एका पायावर अर्धा मिनिट उभे राहावे. ते जमू लागले की डोळे मिटून, नंतर गोणपाटाच्या जाड घडीवर उभे राहून, आणि शेवटी त्या स्थितीत चेंडू झेलत तोल सांभाळावा. चवड्यांवर हळूहळू उठणे-बसणे त्यास जोडावे. शाळेच्या कवायतीत या व्यायामांना पाच मिनिटे दिली तर खेळाडू मुलांचे घोटे पुष्कळ सुरक्षित राहतील. दुखऱ्या पायावर न डगमगता उभे राहता येणे आणि त्याच पायावर उड्या मारता येणे, ही खेळात किंवा मोळी वाहण्याच्या कामात परतण्याची खूण समजावी. सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला, ही समजूत बरोबर नाही.

रक्तबिंबिकांचे इंजेक्शन

आता पुनर्जनन चिकित्सेकडे येऊ. तिचा सर्वाधिक प्रचलित प्रकार ‘पीआरपी’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. रुग्णाचे थोडे रक्त काढून ते सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवितात. त्यामुळे तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, वेगळ्या करता येतात. रक्तबिंबिकांमध्ये पेशींच्या वाढीस चालना देणारी प्रथिने असतात. नेहमीच्या रक्तापेक्षा कितीतरी पटींनी रक्तबिंबिका असलेला हा द्रव दुखऱ्या जागी टोचला तर तेथील दुरुस्ती वेगाने होईल, असा यामागील तर्क आहे.

तर्क ठीक असला तरी कसोटीवर काय उतरले ते पाहिले पाहिजे. घोट्याच्या सांध्याची झीज झालेल्या १०० रुग्णांवर नेदरलँड्समध्ये केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. अर्ध्या रुग्णांना रक्तबिंबिकांची व उरलेल्यांना केवळ सलाईनची इंजेक्शने दिली होती. २६ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. टाचेच्या कंडरेच्या जुनाट दुखण्यावर ब्रिटनमध्ये २४० रुग्णांची चाचणी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तीतही सहा महिन्यांनंतर खऱ्या व लटक्या इंजेक्शनाचा परिणाम सारखाच निघाला. तुटलेल्या कंडरेबाबत २३० रुग्णांवरील २०१९ ची ब्रिटिश चाचणी याच निष्कर्षावर आली. ताज्या लचकीबाबत झालेले अभ्यास लहान आहेत व त्यांतून ठाम लाभ सिद्ध झालेला नाही. एक अपवाद नमूद केला पाहिजे. घोट्याच्या वरच्या भागातील, दोन हाडांना जोडणारा अस्थिबंध फाटलेले १६ अव्वल खेळाडू एका अभ्यासात घेतले होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रक्तबिंबिका दिलेले खेळाडू सरासरी सुमारे ४१ दिवसांत, तर इतर सुमारे ६० दिवसांत मैदानावर परतले. सोळा जणांवरून सर्वसामान्यांसाठी नियम बांधता येत नाही, परंतु पुढील संशोधनास जागा आहे एवढे त्यावरून म्हणता येते.

वरील चाचण्यांतील एक बाब चिंतनीय आहे. नुसते सलाईन घेतलेल्यांनाही कालांतराने बरे वाटले. दुखापत मुळात भरून येत असते, आणि माणूस वेदना कमाल असताना इंजेक्शन घेतो. साहजिकच त्यानंतर उतार पडतो. म्हणूनच ‘अमक्याला इंजेक्शनाने गुण आला’ हे ऐकीव प्रमाण कितीही प्रामाणिक असले तरी पुरेसे नसते.

रक्त स्वतःचेच असल्याने या इंजेक्शनात ॲलर्जीचा धोका कमी असतो, हे खरे. तथापि सुई सांध्यात जाते, आणि निर्जंतुकतेत कसूर झाली तर सांध्यात पू होऊ शकतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, रक्तबिंबिका कमी असलेल्यांनी आणि अंगात जंतुसंसर्ग असलेल्यांनी ते घेऊ नये. टाचेच्या कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्यापासून तर सर्वांनीच सावध असावे. वेदना थांबते, पण कंडरा दुबळी होऊन तुटण्याचा धोका असतो.

मूलपेशी आणि कूर्चा

मूलपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा, प्रश्न अधिक नाजूक आहे. अस्थिमज्जेतील किंवा चरबीतील या पेशींपासून हाड, कूर्चा व तंतू तयार होऊ शकतात, हे प्रयोगशाळेत दिसते. तथापि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या विकारांसारख्या मान्य कारणांसाठी होणारे मूलपेशी-प्रत्यारोपण वगळता अन्य वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावयास हवा. २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांनी गुडघ्याच्या झिजेसाठी मूलपेशींच्या एका उत्पादनास मान्यता दिली. ती गुडघ्यापुरती, आणि झिजेच्या ठराविक अवस्थांपुरती आहे. तिचा दाखला देऊन कोणी मुरगळलेल्या घोट्यावर तेच उपचार सुचवीत असेल तर ते दिशाभूल करणारे होय.

घोट्याच्या एका दुखापतीत मात्र पुनर्जननाच्या कल्पनेला रास्त स्थान आहे. पाय जोराने मुरगळताना कधी कधी टालस हाडावरील कूर्चेचा तुकडा उखडतो. कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे अस्थिबंधाप्रमाणे ती स्वतःहून भरून येत नाही. काही महिने उलटूनही सांध्यात खोलवर दुखत असेल, मध्येच अडकल्यासारखे होत असेल, तर एमआरआय तपासणीने याचा उलगडा होतो. दोष लहान असेल तर दुर्बिणीतून हाडाला बारीक छिद्रे पाडतात. त्यांतून मज्जेतील पेशी वर येतात आणि खड्डा कूर्चेसारख्या ऊतीने भरतो. दोष मोठा असल्यास रुग्णाच्या गुडघ्यातील कूर्चेचा व हाडाचा लहान दंडगोल तेथे बसवितात, किंवा त्याच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून रोवतात. कूर्चापेशी-रोपणाची ही पद्धती स्वीडनमधील संशोधकांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांच्या गुडघ्यांवरील अनुभवासह प्रसिद्ध केली आणि पुढे ती घोट्यासाठीही वापरात आली. तिचा खर्च मोठा आहे आणि ती विशेष केंद्रांतच होते. वारंवार मुरगळणाऱ्या व व्यायामाने न सुधारलेल्या घोट्यासाठी अस्थिबंध आवळून शिवण्याची शस्त्रक्रियाही आहे. स्वीडनचे डॉ. ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये सांगितलेली ही पद्धत थोड्या फेरफाराने आजही केली जाते. अशा रुग्णांनी वसमत परिसरातून नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा हिंगोली येथे अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले आहे.

नव्या इंजेक्शनाचा सल्ला मिळाल्यास रुग्णाने किंवा त्याच्यासोबत गेलेल्या जाणत्या माणसाने काही प्रश्न नम्रपणे पण स्पष्ट विचारावेत. नेमके काय फाटले आहे आणि ते कोणत्या तपासणीत दिसले? सहा ते आठ आठवड्यांचे व्यायाम करून पाहिले आहेत काय? हा उपचार प्रयोग म्हणून दिला जात आहे की नेहमीचा म्हणून? प्रयोग असेल तर त्याची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या राष्ट्रीय नोंदवहीत असली पाहिजे. १५ जून २००९ पासून औषध-चाचण्यांची अशी पूर्वनोंदणी बंधनकारक आहे, नोंदणी क्रमांक कोणालाही पडताळून पाहता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून प्रायोगिक उपचाराचे पैसे घ्यावयाचे नसतात.